डिकीतला एक स्क्रू

अण्णा, ती पांढरी जुनी गाडी नऊ वर्षांनी परत आपल्याच गॅरेजात आली आहे. मालक वारले, आता त्यांचा मुलगा चालवतो. दोष तोच. ब्रेक दाबला की मागचा डावा दिवा मंदावतो आणि शेजारचा इंडिकेटर उगीचच मिणमिणतो. चिंचवडच्या या गाळ्यात तुम्ही तीन दिवस त्या गाडीपाशी घालवले होते. स्विच बदलला, फ्यूज बदलले, पुढून मागेपर्यंत एकेक वायर सोडवून तपासली. मी टेस्ट लॅम्प धरून उभा आहे आणि तुम्ही विचारता, "डिकीतलं अर्थिंग तू केलंस नव्हं? रंग खरडून?" मी म्हणतो, "व्हय अण्णा, खरडून." म्हणून तेवढा एक स्क्रू तुम्ही उघडलाच नाही.

मी खरडलं नव्हतं. गाडीला नुकताच रंग दिलेला, मालक बाजूला उभे राहून "ओरखडा नको हं" म्हणत होते, आणि माझा हात धजला नाही. पत्रा उघडा करून मगच वायर कसायची, नाहीतर करंटला परतीची वाट नीट मिळत नाही, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी रंगावरच कसली. दिवा लागला, मला वाटलं, चाललं. पुढे दोष निघाला, तुमचे तीन दिवस वाया गेले आणि चौथ्या दिवशी मालक आले. "मिस्त्री, चष्मा तरी बदला, नाहीतर धंदा तरी." तुम्ही हसलात. त्यानंतर वायरिंगचं काम तुम्ही हातात घेतलं नाही. चाकणच्या एका कंपनीत गेटवर बसलात. आईने कारण विचारलं की म्हणायचात, "नजर गेली माझी. साधा दोष सापडंना." त्याच वर्षी तुम्ही गेलात.

काल बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक सुटी वायर थेट दिव्याच्या बुडाला लावली. दिवा लख्ख झाला, इंडिकेटर शांत. मग तो स्क्रू सोडला. वायरीखाली रंग जसाच्या तसा, भोवती गंज. ब्लेडने खरडायला चार मिनिटंही लागली नाहीत. हल्ली मी प्रत्येक स्क्रू तीनदा उघडून बघतो. लोक म्हणतात, वडिलांची शिस्त.

मालकांच्या मुलाने विचारलं, "काय निघालं, भाऊ?"

"अर्थिंग रंगावर केलेलं."

"आयला! तुमच्या वडिलांचंच काम ना हे?"

मी फडक्याला हात पुसले. मग म्हणालो, "हो."

उद्या तो गाडी न्यायला येईल. तेव्हा त्याला खरं सांगेन, असं एक वाक्य या पत्रात इथे लिहिलं होतं. ते मी खोडलं आहे.