सृष्टीची चार मतं

२१ जून

फोन आला! वीरधवलचा. माझ्या ‘मधल्या सुट्टीचं मंत्रिमंडळ’वर सिनेमा करतोय म्हणे. मी दोनदा विचारलं, कोणत्या पुस्तकावर? तर म्हणतो, “मॅडम, तुमचं एकच तर पुस्तक आहे.” खरं आहे, पण असं तोंडावर म्हणायचं?

निम्म्या प्रती अजून आमच्या पलंगाखाली पडून आहेत. आणि सिनेमा! हे म्हणाले, आधी चहा टाक, मग काय ते किंचाळ.

२४ जून

वीरधवल पलूसला येऊन गेला. आमच्याच शाळेचा, माझ्याच हातची छडी खाल्लेला. आता दाढी वाढवून दिग्दर्शक झालाय. पुस्तक त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ!

दरवर्षी आपल्याकडे शाळेचं मंत्रिमंडळ निवडतात — मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री. पोरं चिठ्ठीवर नाव लिहून डब्यात टाकतात. माझ्या कादंबरीत संस्थेच्या चेअरमनचा नातू मुख्यमंत्री व्हावा म्हणून मोजणी करणारी बाई चिठ्ठी उघडते एका नावाची आणि वाचते दुसरंच नाव. हुशार मुलीला पडतात चार मतं. ‘एक तिचं स्वतःचं, तीन चुकून पडलेली.’ हे वाक्य लिहिलं तेव्हा मी एकटीच खोलीत हसत होते. वीरधवलही आज त्याच वाक्यावर खो खो हसला.

शूटिंग मात्र आमच्याच शाळेत हवंय त्याला! म्हणजे चेअरमन उदयसिंहदादांची परवानगी. पुस्तक त्यांच्या हातात पडू नये म्हणून मी चार वर्षं नवस करतेय. संपलं सगळं.

२७ जून

दादांनी बंगल्यावर बोलावलं. मी राजीनाम्याची वाक्यं जुळवत गेले. तर दादा म्हणतात, “मॅडम, लय भारी लिवलंय! त्यो बेरकी चेअरमन म्हंजे मीच न्हवं? मग बंगला बी माझाच दाखवा की. आन् नातवाचं काम आमचा यशराज करंल.”

मी गारच पडले. माणसाची एवढी टिंगल करावी आणि त्याने ती हार म्हणून गळ्यात घालावी? शिवाय काजू खायला घातले. मी खाल्लेही.

१ जुलै

यशराज दहावीत आहे. पोरगं बरं आहे, मान खाली घालून बोलतं. मुलीच्या कामाला नववीतली सृष्टी. मूळची आटपाडीकडची, इथे मावशीकडे राहते. पहिलं वर्ष कोणाशी बोललीच नाही, मग रुमानाशी गट्टी जमली आणि आता वर्गात हिचाच आवाज.

हेडसरांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. “नाहीतरी सहा तारखेला आपली निवडणूक आहेच. हीच दोघं मुख्यमंत्रिपदाला उभी आहेत. मतदान खरं घेऊ, शूटिंग बाजूने होईल. पोरांचा दिवस दोनदा कशाला मोडायचा?” वीरधवलने तर टाळीच दिली. मलाही सोयीचं वाटलं. गोष्टीत पुढे काय होतं ते पोरांना सांगायचं नाही, म्हणजे चेहरे खरे येतील, असंही ठरलं.

४ जुलै

पुण्याच्या नटीला डेंग्यू. मोजणी करणाऱ्या बाईचं काम मी करायचं! हे म्हणाले, “अभिनय कुठला, रोज ओरडतेसच की.”

६ जुलै, शनिवार



सकाळी हेडसरांनी माइकवरून सांगितलं, आजचं मतदान खरं आहे, कॅमेऱ्याकडे बघू नका. पोरांनी रांगेत मतं टाकली. दुपारी मोजणी. मैदानावर सगळी शाळा बसलेली, मी टेबलाशी, समोर कॅमेरा, एक मागे. मागचा म्हणे फक्त माझा पदर घेणार होता. डब्यात कोऱ्या चिठ्ठ्या असतील, पटकथेच्या कागदावर लिहिलंय तसं वाचायचं, खरी मोजणी नंतर स्टाफरूममध्ये — माझी अशी समजूत. कोणी तसं सांगितलं होतं का? आठवत नाही. बहुतेक मीच धरून चालले होते.

पहिली चिठ्ठी उघडली. ‘सृष्टी’. खरी! पोराच्या अक्षरातली, खाडाखोड केलेली! मी वीरधवलकडे बघितलं. त्याने बोटं फिरवली — चालू ठेवा.

मी वाचलं, “यशराज.”

दुसरी सृष्टी. “यशराज.” तिसरी. चौथी. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी वाचतच राहिले. शेवटी आकडा सांगितला, माझाच, पुस्तकातला — “सृष्टी, चार.”

सृष्टी रडायला लागली. ओठ दाताखाली धरून. वीरधवल ओरडला, “कट! काय नॅचरल रडली पोरगी!” सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता माइक घ्यावा आणि सांगावं. तेवढ्यात दादा हार घेऊन आलेच. लगेच शपथविधी. जिलेबी.

चिठ्ठ्या स्टाफरूममध्ये नेऊन मी एकटीने मोजल्या. सृष्टी २०३. यशराज ११४.

८ जुलै

हेडसरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “दादांनी आख्ख्या शाळेला जिलेबी वाटली. आता काय सांगायचं? मॅडमनी खोटी नावं वाचली? तुमच्यावरच येईल.” शूटिंगचे अजून बारा दिवस बाकी. ते संपलं की बघू म्हणाले.

मी ‘बरं’ म्हणून बाहेर आले. घाबरले होते, दुसरं काही नाही. चार वर्षं मी त्या कादंबरीतल्या बाईला हसत होते.

१६ जुलै

मधल्या सुट्टीत रुमाना आली, डोळे लाल. “मॅडम, मी आईच्यान सृष्टीलाच मत दिलं. ती मला खोटारडी म्हणती. आमच्या वर्गातल्या सगळ्या पोरी म्हणत्यात दिलं, तर ती म्हणती, मग चारच कशी? बोलतच न्हाई आता.”

मी काय म्हणाले? “जाऊ दे गं, होईल ठीक.” ही मराठीची शिक्षिका!

१९ जुलै

जिन्यात यशराज भेटला. “मॅडम, मी खरंच निवडून आलो ना?” मी म्हणाले, अभ्यास कर.

२ ऑगस्ट

युनिट केव्हाच गेलं. हेडसरांना आठवण करून दिली. “आता महिना झाला, मॅडम. पोरं विसरली.”

पोरं विसरलेली नाहीत. सृष्टी शेवटच्या बाकावर एकटी बसते, डबा एकटी खाते. निबंधाला विषय दिला होता ‘माझी मैत्रीण’. तिने कोरा कागद दिला. मी त्यावर शेरा न लिहिता तो परत केला.

३ सप्टेंबर

तिची मावशी रंगुबाई आली होती. “आवं मॅडम, पोर म्हणती आटपाडीला जाती. हितं सगळी तोंडावर गोड बोलत्यात आन् मागनं फसवत्यात म्हणं. तुमी सांगा की तिला. तुमचं लय ऐकती.”

तिला समजावलं. म्हणजे, खोटं सोडून सगळं बोलले, आणि खरंही सोडून. राहिली ती. का राहिली कोण जाणे! मला मात्र सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

८ फेब्रुवारी, शनिवार

सांगलीत पहिला खेळ. सात एसट्या भरून आख्खी शाळा नेली. दादा पहिल्या रांगेत फेटा बांधून. मी मधे, हेडसरांशेजारी. बंगला दिसला की शिट्ट्या, दादांचं पात्र बोललं की हशा. खुद्द दादा सगळ्यात मोठ्याने हसत होते.

मग मोजणी आली. पडदाभर माझा हात. माझ्या बांगड्या. आणि चिठ्ठी! मागच्या कॅमेऱ्याने पदर घेतलाच नव्हता. चिठ्ठीवर एवढ्या मोठ्या अक्षरात ‘सृष्टी’, आणि माझा आवाज — “यशराज.” सगळं थिएटर हसून लोटपोट. दुसरी चिठ्ठी, पुन्हा हशा. तिसरी हिरव्या शाईची.

“ती माझी हाय!” रुमाना खुर्चीवर उभी राहिली. “सृष्टे, माझं अक्षर बघ! माझं हिरवं पेन!”

मग एकेक आवाज. “ही माझी!” “त्यो ‘ष’ माझा!” बाहेरचे लोक अजून हसत होते, त्यांना वाटलं हाही सिनेमाचाच भाग. आमच्या शाळेच्या रांगा मात्र उभ्या राहिल्या. यशराज वाकून बसला, चेहरा झाकून. दादा मागे वळून माझ्याकडे बघत होते आणि हसत नव्हते. हेडसर पुटपुटले, “मॅडम, बाहेर चला.” मी उठले नाही. पडद्यावर मी चार म्हणाले.

सृष्टी कुठे बसली होती ते मी बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही.

९ फेब्रुवारी

वीरधवलचा फोन. “मॅडम, त्या खऱ्या मतांच्या चिठ्ठ्या होत्या? मला वाटलं, तुम्ही पोरांकडून मुद्दाम तशा लिहून घेतल्या.” लोक त्या प्रसंगाची फार तारीफ करतायत म्हणाला. मी फोन ठेवला.

सगळं लिहून काढलं, एका पानात, खाली सही केली. उद्या प्रार्थनेला वाचणार. दादा काय करायचं ते करोत.

१० फेब्रुवारी

वाचलं. संपल्यावर सृष्टी स्टाफरूमच्या दारात आली. रुमाना तिच्या मागे, हात धरून. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनेच विचारलं, “मॅडम, मास्तर लोकांनी बी चिठ्ठी टाकायची असती न्हवं?”

हो म्हणाले.

“मला वाटायचं, त्या चारातलं एक तुमचं असंल. म्हणून मी आटपाडीला गेले न्हाई.”

सहा जुलैला सकाळी मला मेकअपला बसवलं होतं. मी मत टाकलंच नव्हतं.