डाव्या बाजूची चार बोटं

प्रिय चिमणे,

भूकंपाला आज अठरा दिवस झाले. जमीन आता हलत नाही, पण माझा तिच्यावरचा भरवसा उडालाय. कोणी बाकडं सरकवलं तरी मी दाराबाहेर. आई हसते. दवाखाना भरल्यामुळे तिला शाळेच्या वर्गात खाट दिलीय. मांडीला प्लास्टर आहे, तोंडाला मात्र काही झालेलं नाही. नर्सबाईंना दिवसभर कामाला लावते.

मी थकलोय गं. सकाळी उठायचं आणि लोकांच्या भिंती ठोकून बघायच्या, ही राहील, ही पाडा. गवंडी म्हणून माझा शब्द चालतो. लोक हात जोडतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आपल्या घराकडे तेवढे माझे पाय वळत नाहीत. बाकी सगळं उभं आहे, फक्त तुझ्या खोलीची खिडकीकडची भिंत आडवी झाली, आणि आई नेमकी तिथे चादरींच्या घड्या घालत होती.

तू मावशीला फोनवर म्हणालीस म्हणे, मोठ्या खिडकीचा हट्ट मीच धरला होता, आता कुठल्या तोंडाने आईसमोर येऊ. ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

हट्ट तुझा होता, खरंय. पण खिडकी मोठी म्हणून भिंत पडत नाही, वेडाबाई. खिडकीवरची भिंत पेलणारा सिमेंटचा आडवा लिंटेल दोन्ही बाजूंनी वीतभर तरी भिंतीत बसायला हवा. मी ओतलेला आखूड भरला. डाव्या बाजूला जेमतेम चार बोटं टेकला. गिऱ्हाइकाचं घर असतं तर काढून पुन्हा ओतला असता, आईशप्पथ. पण तू परीक्षा संपवून दोन दिवसांत येणार होतीस आणि मला तुला खिडकी दाखवायची घाई. म्हटलं, घरचंच तर काम आहे, कोण बघतंय. वरून गिलावा केला नि मोकळा झालो. तू येऊन टाळ्या वाजवल्यास, तेव्हाही बोललो नाही.

काल आईला सगळं सांगितलं. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, हे पोरीला कागदावर लिही, फोनवर तू सारवासारव करशील. म्हणून लिहितोय. रोज दाराकडे बघते ती. ये बाई आता. तिच्यासमोर मान खाली घालायची पाळी माझी आहे, तुझी नाही.

तुझाच,
गवंडी दादा