नेडीनच्या शेजारची जागा

टॅलो क्रीक, मिसुरी
ता. ५ ऑक्टोबर

चि. हॉलिस यास,
ओपलताईचे अ. उ. आ.

तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तू आपटलास. म्हणून कागद घेतला. कागद आपटून बघ, आवाज येत नाही.

काल भर चर्चमध्ये उभा राहिलास. पास्टर डाल्टन निवडणुकीवर बोलत होते. गाढवाच्या निशाणीवर मत देणारे सैतानाची पोरं आहेत म्हणाले. म्हणाले तर म्हणाले. बाकीचे ऐकतात, घरी जाऊन काय ते बोलतात, तसं तू करायचं. पण तुला उभं राहून विचारायचं होतं, की माझी बायको जन्मभर त्याच निशाणीवर मत देत आली, ती या भिंतीमागे पुरली आहे, तर ती कुणाची पोर? पास्टरांचं तोंड बीटासारखं झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता नीट ऐक. पुढच्या बुधवारच्या सभेत तुझं नाव सभासदांतून काढायचा ठराव येणार आहे. आमचे हे चर्चच्या पंचांत, त्यामुळे बातमी पक्की. नाव गेलं की दफनभूमीतली जागाही गेली. बाहेरच्याला तिथं पुरत नाहीत. नेडीनच्या शेजारची तुझी जागा, हॉलिस. तिच्या दगडावर तुझंही नाव कोरून ठेवलंयस ना? त्या दिवशी पुढे ये, चुकलो म्हण, विषय मिटेल. तेवढ्यानं जीभ झिजत नाही.

बीन्स आणि मक्याचा ब्रेड तुझ्या फाटकाशी ठेवून आलेय. राग माझ्यावर काढ, बीन्सवर नको.

लोभ असो, आणि त्याआधी थोडी अक्कल असो.

तुझी
ओपलताई

ता. ८ ऑक्टोबर

ती. ओपलताईस,
हॉलिसचा शि. सा. न.

बीन्स खाल्ले. तुझ्या उपदेशासारखेच खारट होते.

चुकलो म्हणू? काय चुकलो? याच चर्चच्या अंगणात आपल्या लहानपणी दोन्ही पक्षांचे उमेदवार एकाच ट्रॉलीवर उभे राहून भांडायचे. बाबा एकाच्या बाजूचे, तेव्हाचे पास्टर दुसऱ्याच्या. घसा बसेपर्यंत भांडायचे, मग एकाच बाकावर बसून कोंबडी खायचे. भांडण रस्त्याचं असायचं, शाळेचं असायचं. देवाला कुणी मधे ओढत नव्हतं. त्याचं मतदार यादीत नाव नाही, असं बाबा म्हणायचे. आता आमेन म्हणा, नाहीतर चालते व्हा.

आणि तू कुणाला शिकवतेस? तू आणि नेडीन एकाच गाडीतून मतदानाला जायचात. एकमेकींचं मत बाद करून यायचात आणि येताना कॉफी पीत खिदळायचात. तिला सैतानाची पोर म्हटलं, तेव्हा तू मान खाली घालून गीतांचं पुस्तक चाळत होतीस. मी पाहिलं.

माफी मागणार नाही. व्हर्जिलदाजींना सांग, हात वर करताना खांदा सांभाळा, दुखरा आहे.

तुझा लोभ कुठवर पोचतो ते आता बुधवारी कळेलच.

हॉलिस

ता. १५ ऑक्टोबर

चि. हॉलिस यास, अ. आ.

झालं. नाव काढलं. तू आला नाहीस, तुझ्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. सगळे हात वर गेले.

तू विचारण्याआधी सांगते, माझाही गेला. शेजारी हे बसले होते, मागे आख्खं गाव. जन्म गेला माझा त्या बाकावर. तिथून उठवलं तर या वयात मी कुठे जाऊन बसू, तुझ्या ओसरीवर? एक वाक्य बोलायचं होतं तुला. तेवढं जड झालं. ताठा आधीपासूनच तुझा, आईनं त्याला दूधतूप घातलं.

नंतर पास्टरांनी तुझं नाव घेऊन प्रार्थना केली, तुझं मन वळावं म्हणून. सगळे आमेन म्हणाले. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

थंडी पडतेय, छातीला गरम कपडा घाल. शिव्या देण्याइतका तरी लोभ ठेव.

ओपलताई

ता. १९ ऑक्टोबर

ओपल,

ताई लिहायला हात धजत नाही. नमस्कार समजून घे, नाहीतर घेऊ नकोस.

माझ्यासाठी प्रार्थना करणं आधी बंद करा. तुम्हाला शिवी द्यायची बंदी आहे, म्हणून तुम्ही प्रार्थना करता. दुकानात मेव्हिस भेटली, माझा दंड धरून म्हणाली की रोज सकाळी तुझं नाव घेते. मी म्हटलं, संध्याकाळी घेत जा, सकाळी मी बरा असतो.

कामाचं लिहितो. नेडीनला मी हलवणार. हायवेमागे सरकारी दफनभूमी आहे, तिथं पक्ष विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत, दोन जागा शेजारीशेजारी मिळतात. मी पाहून आलो. चर्चच्या पंचांची संमती तेवढी पाहिजे. दाजींना सही करायला सांग. एवढं केलंस की तुझ्या वाटेला जाणार नाही.

हॉलिस

ता. २४ ऑक्टोबर

चि. हॉलिस यास, अ. आ.

पंचांनी नाही म्हटलं. नेडीन आमची सभासद, तिच्या नावाला डाग नाही, ती आमच्याच जमिनीत राहील, असं पास्टरांचं म्हणणं. कोर्टात जायचं तर जा म्हणाले. मी घरी ह्यांच्याशी भांडले. हे ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसले.

आणि खरं सांगू? तिला हलवू नये असं मलाही वाटतं. दर रविवारी उपासना झाली की मी तिच्याजवळ जाऊन उभी राहते. गुडघ्याचं सांगते, सुनेचं सांगते. तू नवरा होतास, कबूल. पण ती गेली ती काय एकट्या तुझी गेली?

लोभ कमी झालाच आहे, तुटू देऊ नकोस.

ओपलताई

ता. २८ ऑक्टोबर

ओपल,

असं का? मग ती सैतानाची पोर नव्हे? व्यासपीठावरून पोर सैतानाची आणि जमिनीत गेली की सभासद तुमची? तिचं मत तुम्हाला चालत नाही, हाडं चालतात.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी वकिलाच्या पायऱ्या झिजवणार नाही. सोपं सांगतो. माझं काढलंत तसं तिचंही नाव काढा. ठराव आणा, हात वर करा, आणि माझी बायको मला परत द्या. मी सभेत येऊ शकत नाही, मी बाहेरचा. तू उभी राहा. माझ्या वेळी तुझा हात कसा वर गेला ते मला कळलंय. आता तोंड उघडतं का ते बघू.

हॉलिस

ता. ५ नोव्हेंबर

चि. हॉलिस यास,

काल सभा झाली. आदल्या दिवशी पास्टरांच्या बाजूचा उमेदवार निवडून आला होता, त्यामुळे सगळे खुशीत, मागच्या टेबलावर केक मांडलेला. छपराच्या दुरुस्तीचं बोलून झालं आणि मी उभी राहिले. आमच्याकडे बायका सभेत बोलत नाहीत. हे माझी बाही ओढत होते. मी म्हटलं, नेडीन क्रेनशॉ हिचं नाव सभासदांतून काढावं, असा माझा ठराव आहे. ती जन्मभर गाढवावर मत देत होती. मी साक्षीदार आहे, तिला गाडीतून मीच न्यायची.

पास्टर म्हणाले, मेलेल्या माणसावर ठराव होत नाही. मी म्हटलं, सैतानाची पोरं म्हणालात तेव्हा मेलेल्यांना वगळलं नव्हतंत. एक तर तो शब्द मागे घ्या, नाहीतर मत घ्या.

मला वाटलं, ते मागे घेतील. देवाशपथ सांगते, हॉलिस, मी त्याचसाठी उभी राहिले होते. नेडीनचं नाव ऐकल्यावर कुणाला तरी लाज वाटेल, कुणीतरी म्हणेल की हे काय चाललंय आपलं. मग तुलाही परत घेतील, इथवर मी मनात मांडून ठेवलं होतं. म्हातारपणी माणूस खुळावतं.

पास्टर म्हणाले, घ्या मत. आधी पुढच्या बाकावरचे हात गेले. मग ह्यांचा. मेव्हिसचा नवरा वारला तेव्हा नेडीन आठवडाभर तिच्या घरी राहून रांधत होती. मेव्हिसनं माझ्याकडे बघत हात वर केला. ठराव माझा, म्हणून शेवटी मलाही करावा लागला. मग तिच्यासाठी प्रार्थना झाली. आमेन मी म्हटलं नाही.

संमतीचा कागद सोबत आहे, ह्यांची सही आहे. नेडीन आता आमची कुणी नाही. ये आणि घेऊन जा तिला. मी तिथं असेन, तू बोलला नाहीस तरी चालेल.

हायवेमागे तिसरी जागा मिळते का, तेवढं विचारून ठेव. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

लोभ मागायचं तोंड मला उरलं नाही. तरी मागते.

ओपल