आत्याबाईंच्या फोनवरचा आवाज

९ नोव्हेंबर २०२५

मामंजी आज माझ्याशी बोलले! फोनवर. ते ओसरीत, मी चुलीपाशी, मध्ये एक भिंत.

"मेथी उगोली. वाफ्यात पानी पुरलं." एवढंच. अकरा सेकंद. मी नऊ वेळा ऐकलं आणि भाजी करपली.

१० नोव्हेंबर

नीट लिहून ठेवते. लग्नाला तीन वर्षं झाली, सासऱ्यांनी मला एक शब्द म्हटला नव्हता. भांडण नाही, राग नाही. रीत! सुनेनं सासऱ्यापुढं पदर घ्यायचा आणि तोंड मिटायचं. त्यांनीही तिला थेट काही म्हणायचं नाही. सगळं आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या मार्फत. मी दोन हात अंतरावर उभी असले तरी मामंजी बायकोकडं बघून म्हणणार, "तिले सांग, मीठ कमी हाय." आत्याबाई मला सांगणार. मी म्हणणार, आणते म्हणावं. मग त्या पुन्हा त्यांना सांगणार. एकदा वैतागून म्हणाल्या, "मी काय पोस्टमन हाओ?" तेव्हा तिघंही हसलो — तीन दिशांना तोंड करून.

श्रावणात आत्याबाई गेल्या. तेव्हापासून ताट वाढलं की मी वाटी वाजवते. मामंजी आत येताना खाकरतात. वाटी आणि खाकरणं, एवढ्यावर तीन महिने घर चाललं.

दिवाळीला कुलदीप हैदराबादहून आला (नवऱ्याचं नाव! लिहिलं. इथं कोण बघतंय!) आणि त्यानं बापाच्या हातात टचचा फोन दिला. मामंजींना वाचता येत नाही फारसं. फोटो बघून माणूस ओळखायचं, माईकवर बोट दाबून बोलायचं, एवढं शिकवून गेला. माझा फोन हौदात पडला, म्हणून मी आत्याबाईंचाच वापरते. नंबरही त्यांचा, वरचा फोटोही त्यांचाच — प्रीतीवन्संच्या लग्नातला, नथ घातलेला. बदलायला हात धजला नाही.

१४ नोव्हेंबर

रोज एक येतो. दुपारी, भांडी घासून झाल्यावर. आधी भिंतीपलीकडून नुसती पुटपुट येते, शब्द कळत नाहीत. मग जरा वेळानं फोन थरथरतो आणि तोच आवाज माझ्या हातात असतो. मधला तो वेळ मला सगळ्यात आवडतो. आवाज निघालाय, पोचायचाय. त्या वेळात घर अगदी पाण्याखाली असल्यासारखं शांत होतं.

२१ नोव्हेंबर

"थंडी पडली. पायात घालत जाय." — घातलं.

"बोरं आनली. टोपल्यात हाय." — खाल्ली.

मी दीड वर्षाची असताना बाबा गेले. बाप कसा बोलतो ते मला माहीत नाही. असाच बोलत असेल. थोडकं, इकडचं तिकडचं, आणि मध्येच पायांची काळजी.

२९ नोव्हेंबर

उत्तर द्यावं म्हणून बोट दाबलं. "मामंजी" म्हटलं आणि पुढं काही सुचेना. सात वेळा दाबलं, सात वेळा पुसलं. मूर्ख!

७ डिसेंबर

कुलदीपचा व्हिडिओ कॉल. खोली मिळाली म्हणतो, संक्रांत झाली की ये. बोलताना नजर भलतीकडं, मागं क्रिकेटचा आवाज. बाबांचं काय, विचारलं. तर म्हणे, राहतील गावातच, नाहीतर प्रीतीकडं, त्यांचं अडतं काय?

मी नाही म्हटलं. "काऊन?" म्हणाला. सांगितलं, बाबा आता माझ्याशी बोलतात. तो हसायलाच लागला. "बाबा? तुह्याशी?"

गंमत आहे. नवऱ्याचा चेहरा बघून बोलते आणि बोलल्यासारखं वाटत नाही. मामंजींचा चेहरा मी नीट बघितलेलाही नाही.

१६ डिसेंबर

सकाळी वांगी तोडायला गेले तर दाट धुई. मळा नाही, बांध नाही, बेल्याकडं जाणारी सडक नाही. कुठंतरी बैलाची घंटा वाजत होती, तीही बहुतेक माझ्या कानातच. मामंजी पलीकडच्या टोकाला असणार. दिसत नव्हते.

फोन थरथरला. "धुई पाह्य कशी बसली. दुनिया हाय का नाई, समजूनच नाई राह्यलं."

मी वांगं हातात धरून तशीच उभी राहिले. दहा वाफ्यांवर एक माणूस आहे, त्याला मी दिसत नाही आणि तो मला सांगतोय की दुनिया दिसत नाही. किती सुखी होते मी तेव्हा! ऊन पडलं तेव्हा टोपली अर्धीही भरली नव्हती.

२६ डिसेंबर

कुलदीपचा पुन्हा फोन. पुन्हा नाही म्हटलं.

३ जानेवारी २०२६

आजचा मोठा होता. चार मिनिटं. मी ओट्यावर उन्हात बसून, डोळे मिटून ऐकायला घेतला.

"प्रीती झाली तवा नाल्याले पूर होता. तुले बैलगाडीत घालून नेलं. कळ आली का तू माह्या हाताले चावे. दाताची खून अजून हाय. मी मंघाशी पाह्यली."

डोळे उघडले. प्रीतीवन्सं जन्मल्या तेव्हा मी कुठली!

ते माझ्याशी बोलतच नव्हते. ते नथीच्या फोटोवर बोट दाबत होते. नाव कधी घेतलंच नाही. कसं घेणार? बायकोचंही घेत नाहीत, सुनेचंही घेत नाहीत. पहिल्यापासून सगळे परत ऐकले. भेगा आत्याबाईंच्या टाचांना होत्या. बोरं त्यांना आवडायची. धुईसुद्धा त्यांनाच दाखवत होते. दोन महिने मी दुसऱ्या बाईचं बोलणं कानाला लावून बसले होते. तिची बोरंही खाल्ली.

खूप रडले. लाज वाटली, आणि आत्याबाईंचा हेवाही वाटला. मेलेल्या बाईचा हेवा!

४ जानेवारी

कुलदीपला सांगितलं, येते.

१३ जानेवारी

पिशव्या भरल्या. संक्रांतीची कर संपली की शुक्रवारी अकराच्या बसनं निघायचं. कुलदीपनं बापाला कळवलंय. ओसरीतून दोन दिवस काही आलं नाही — पुटपुटसुद्धा नाही.

हा फोन इथंच ठेवून जाईन, आत्याबाईंच्या तसबिरीपाशी. त्यांचं बोलणं त्यांच्यापाशी असू दे. तीळ भाजताना वाटी वाजवायची विसरले. मामंजी आपणहून येऊन जेवले, खाली मान घालून. मीही खाली मान घालून वाढलं.

१६ जानेवारी

सकाळी वळून बघितलं तर मामंजी स्वयंपाकघराच्या दारात. खाकरले नव्हते. हातात फोन नव्हता. माझ्याकडं बघत होते, सरळ.

"फोटोले बोलत होतो मी. पन ऐकाले तू हाय, हे ठाव होतं. पायात घातलेलं दिसलं ना मले. तुह्याशी सरळ बोलनं मले जमे नाई, म्हनून तिच्या मार्फत." मग हातावरच्या खुणेवरून बोट फिरवलं. "ते चावल्याचं तेवढं तिचं होतं. बाकी सारं तुहं."

मी पदर घेतला नाही. "बसा, मामंजी," म्हटलं.

अकराची बस गेली. आम्ही बोलत होतो.