सावलीबरोबर सरकणारा वर्ग

मी, खाली सही करणारी, गुडघ्यांनी थकलेली पण डोक्याने ठणठणीत, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आजवर इतरांवरच माझे होते, हे साक्षीदारही सांगतील. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. मरायला सवडच नव्हती.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलास मिळावी. तो इमारती बांधतो, तेव्हा स्वयंपाकघराचे गळके छत आता तरी दुरुस्त करावे. आईचे घर म्हणून बरीच वर्षे टाळले, आता त्याचेच आहे.

२. माझा मोठा आरसा धाकट्या जाऊबाईंना द्यावा. मी माझी शाळा काढली तेव्हा त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या, "पोरांना चिखलात लोळवायला शाळा कशाला हवी?" पुढे त्यांची दोन्ही नातवंडे माझ्याच चिखलात लोळून शहाणी झाली. मनात काही ठेवलेले नाही. आरसा चांगला आहे, रोज बघावा.

३. खुरपी, झाऱ्या, भिंगे आणि दोरीचे झोके शाळेच्या मुलांचे. भिंगे पुसून ठेवावीत. खुरपी नाही पुसली तरी चालेल.

४. आता मुख्य गोष्ट. तुतीच्या झाडासह शाळेची जागा मी माझ्या सुनेला देते.

यावरून कुजबुज होणार, म्हणून कारण लिहिते. माझ्या शाळेत वर्ग म्हणजे तुतीची सावली. सावली सरकली की वर्ग सरकतो. सकाळी विहिरीकडे, दुपारी कुंपणाकडे. एकदा तपासणीला साहेब आले आणि खुर्ची टाकून ऐटीत बसले. थोड्या वेळाने मुलांनी चटया उचलल्या, साहेब उन्हातच. एक चिमुरडी त्यांना म्हणाली, "साहेब, वर्ग पुढे गेला, तुम्ही मागे राहिलात." साहेब हसले नाहीत, पण खुर्ची घेऊन आले.

माझी मुले वाचायला उशिरा लागतात, हे खरे. एकदा लागली की मात्र पुस्तक हातातून ओढून घ्यावे लागते. मुंग्यांच्या रांगेवर बेरीज शिकलेली, फ्रॉकच्या खिशात बेडूक घेऊन फिरणारी पोर आज या गावाची नाडी बघते. मला माझ्या शाळेचा अभिमान आहे. मृत्युपत्रात विनय दाखवून कोणाचे भले होणार?

मुलाने या जागेवर तीन मजली इमारतीचा नकाशा काढला आहे. नकाशा देखणा आहे. "झाड कुठंय?" विचारले तर म्हणाला, "जिन्याच्या जागी येतं, आई. काढावं लागेल." तो स्वतः याच झाडाखाली शिकला, पण लोकांनी विचारले की "होती एक छोटी शाळा" म्हणून विषय बदलतो. ते मला फार लागते. इतरांची तोंडे मी बंद केली, पोटच्या पोरापुढे मात्र हात टेकले.

सून लग्न होऊन आली तेव्हा गांडूळ दिसले की किंचाळायची. आता तेच गांडूळ मातीत काय काम करते, ते मुलांना समजावते. अर्थात लांबून. पण झाडाला ती हात लावू देणार नाही. अट एकच: झाड तोडू नये आणि वर्गाला भिंत घालू नये. पावसात पत्र्याची शेड आहे, तेवढी पुरे.

५. हा मसुदा मी काल मुलाला वाचून दाखवला. नंतर कळून भांडण्यापेक्षा मी जिवंत असताना भांडलेला बरा.

"माझ्यावर विश्वास नाही का, आई?"

"तुझ्यावर आहे रे. तुझ्या सिमेंटवर नाही."

तो उठून खिडकीशी गेला. मला वाटले, झाले, आता कोर्टकचेरी. तर मागे न वळताच म्हणाला, "एक चूक आहे यात."

"कुठली?"

"सारखं माझी शाळा, माझी शाळा काय लिहिलंयस? मी काय बाहेरचा आहे? आमची लिही."

हे ऐकायला माझे केस पांढरे व्हावे लागले. मी रडले, आणि तेही त्याच्यासमोर, भोकाड पसरून. त्याने नकाशाची गुंडाळी काखेत मारली आणि म्हणाला, "बास आता, डोकं ठणठणीत आहे असं लिहिलंयस ना वर?"

तरीही जागा सुनेलाच. मात्र वर जिथे जिथे 'माझी शाळा' असेल, तिथे 'आमची शाळा' असे वाचावे. ही दुरुस्ती मला मान्य आहे.

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केली. हात थरथरला नाही.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (बेडूकवाली)
साक्षीदार: शेजारचे सुतार

सही: शाळेच्या बाई
दिनांक: शिक्क्यावर आहे तो
स्थळ: आमची शाळा