एक नाक, दोन साचे

हे लिहायला घेण्याआधी एक दुपार नोंदवून ठेवते. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात दुपारी-बिपारी घालत नाहीत." मी म्हटलं, "घर घालता, बँकेतले पैसे घालता, मग जे खरोखर माझं होतं ते का नाही?" ते म्हणाले, "घाला. पण थोडक्यात."

थोडक्यात सांगते. मागच्या खोलीत आम्ही तिघं, म्हणजे हे, मी आणि आमची लेक चिमणी, हवा काढायच्या भांड्याच्या काचेच्या झाकणावर वाकून बसलो होतो. पंप घरघरत होता. आत पेल्यातलं सिलिकॉन फुगत फुगत काठाशी आलं, दूध उतू जायच्या बेतात येतं तसं. चिमणी ओरडली, "बाबा, गेलं!" हे म्हणाले, "गेलं नाही गं. त्याच्या पोटातली हवा निघतेय. थांब." मग ते सगळं धपकन खाली बसलं आणि पेल्यात एकही बुडबुडा उरला नाही. तिघांनी एकदम श्वास सोडला. चहा गार झाला होता, तसाच प्यायलो. झालं.

तर मी, खाली सही करणारी, साचेकारांची विधवा, वय साठीच्या पुढे, धंदा कृत्रिम नाक, कान आणि बोटं रंगवण्याचा, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, हात शाबूत नाहीत. डॉक्टरांनी माझ्या दुखण्याबद्दल जे सांगायचं ते मुलाला बाहेर बोलावून सांगितलं. आत आल्यावर त्याचा चेहरा वाचता येऊ नये इतकी काही मी अडाणी नाही. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. वेळच आली नव्हती.

कलम पहिलं. राहतं घर मुलाला आणि मुलीला समान वाट्याने द्यावं. मुलाला मागची खोली पाडून तिथे गाडी लावायची आहे. लावावी. "आई, हे सगळं आता कोण करणार गं?" असं तो विचारतो. फक्त भिंत पाडण्याआधी सूनबाईने खिडकीखालचे रंगांचे ठिपके एकदा बघावेत. माणसांच्या कातडीचे रंग मी तिथे टेकवून बघत असे. लग्न होऊन आली तेव्हाचा तिच्या गालाचा रंगही त्यात आहे. तिला न विचारता घेतला होता.

कलम दुसरं. दवाखान्याचा खर्च भागून बँकेत जे उरेल ते दोघांनी सारखं वाटून घ्यावं. उरेल असं वाटत नाही. बांगड्या सुनेला, कानातली चिमणीला. यावरून कोणी कोणाशी बोलणं टाकू नये. बोलणं टाकायला या घरात आधीच पुरेशी कारणं आहेत.

कलम तिसरं. माझ्या नणंदबाई आमच्या धंद्याला जन्मभर "कानानाकाचं दुकान" म्हणत आल्या. ते हवा काढायचं भांडं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चारचौघांत म्हणाल्या, "एवढं मोठं भांडं, आणि शिजत त्यात काहीच नाही!" सगळे हसले, हेसुद्धा. पुढे त्यांच्या जावयाचा अंगठा यंत्रात गेला तेव्हा मागच्या दाराने आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, कोणाला कळायला नको." कोणाला कळलं नाही. नणंदबाईंना माझी आरामखुर्ची द्यावी. त्यांचे गुडघे दुखतात. अंगठ्याची गोष्ट आता लिहिली गेली आहे, पण तेवढं माफ असावं.

कलम चौथं. रंगाचे ब्रश. समोर दातांच्या कवळ्या करणारे गृहस्थ राहतात. धंदा त्यांनी पुढे चालवावा म्हणून मी दोनदा त्यांच्या पायऱ्या चढले. ते म्हणाले, "बाई, दात पांढरे असले की गिऱ्हाईक खूश. नाक जिवंत दिसावं लागतं. माझ्याच्याने होणार नाही." मग निदान ब्रश तरी त्यांना द्यावेत असं ठरवलं. तर वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. कवळीवाले लगेच म्हणाले, "सुटलो. मी साक्षीदार होतो." म्हणून ब्रश सुनेला द्यावेत. नखं रंगवायला उत्तम आहेत.

रंगवायला मी मिशनच्या शाळेत शिकले. आमच्या सिस्टर प्लास्टरचे देवदूत ओतून घेत आणि आम्हा मुलींकडून त्यांचे गाल रंगवून घेत. प्लास्टरमध्ये हवा राहायची. एका देवदूताच्या नाकावर टाचणीएवढं भोक होतं, ते मी खडूने बुजवून वर रंग दिला. सिस्टर म्हणाल्या, "बाळ, छान आहे. पण मला दिसतंय." लग्नानंतर यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा हे म्हणाले, "तुझ्या सिस्टरांना एक पंप द्यायला हवा होता." भोक बुजवायचं नाही, हवा आधीच काढायची. आमचा सगळा धंदा तेवढ्यावर उभा होता. बुडबुडा हा नुसता दिसण्याचा प्रश्न नसतो. कृत्रिम नाकाची कड कागदाइतकी पातळ करावी लागते, म्हणजे गालाला चिकटवल्यावर जोड दिसत नाही. त्या कडेत हवा राहिली की ती तिथूनच फाटते. आणि चांगलं नाकही दोन-अडीच वर्षांत जुनं होतं, रंग उडतो, पुन्हा ओतावं लागतं. म्हणजे आमच्या माणसांना आम्ही एकदा पुरत नाही. त्यांना आम्ही कायम लागतो.

कलम पाचवं. हवा काढायचं भांडं, त्याचं जाड काचेचं झाकण, दाबाचा काटा आणि नळी माझ्या मुलीला, चिमणीला द्यावी.

ती घेणार नाही, हे मला ठाऊक आहे. का, ते लिहून ठेवते, म्हणजे तिला कोणी हट्टी म्हणणार नाही. हे गेले त्या दिवशी दवाखान्यात तिला त्यांच्या उजव्या हाताचा ठसा घ्यायचा होता. त्यासाठी सिलिकॉनचे दोन लगदे असतात, एक पांढरा, एक निळा. ते एकत्र मळून हातावर थापले की थोड्या वेळात घट्ट होतात. नर्सबाईंनी पुढे केलेले रबरी हातमोजे तिने घातले आणि त्याच हातांनी लगदा मळला. त्या रबराचा स्पर्श झाला की सिलिकॉन घट्ट होत नाही, हे तिला पाचव्या-सहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. पण वडिलांचा हात गार पडत असताना कोणाला काय आठवणार? ती वाट बघत राहिली. लगदा चिकटच राहिला. मग न्यायला माणसं आली. यांच्या बोटांमधला तो निळसर चिकटा मी माझ्या रुमालाने पुसून काढला.

तेव्हापासून ती मागच्या खोलीत आलेली नाही. गेल्या महिन्यात मी फोनवर विषय काढला.

"आई, त्या भांड्याचं नाव काढू नकोस."

"बरं. जेवलीस?"

"जेवले. तू?"

"मीही."

दोघीही खोटं बोललो.

चिमणे, तुझ्या बाबांना ते कळलं असतं तर म्हणाले असते, "अगं, निदान मोजे तरी स्वच्छ होते ना?" आणि तुला हसवूनच सोडलं असतं. मला तसं जमलं नाही. भांडं तुझ्या नावावर लिहिते, कारण दुसऱ्या कोणाचं नाव लिहायला हात वळत नाही. तुला नको असेल तर भंगारवाल्याला दे. पंप मात्र कोणालाच देता येत नाही. तो बंद पडला आहे, त्याचं कारण पुढच्या कलमात.

कलम सहावं आणि शेवटचं. माझी जुनी माणसं एकेक करून गेली, आता दोघंच उरली आहेत. एक निवृत्त पोस्टमास्तर, त्यांचं नाक. दुसरी कोपऱ्यावरची शिंपीण, तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट. दवाखान्यात भरती होण्याआधी दोघांचं एकेकदा ओतून ठेवावं म्हणून दोघांना बोलावलं. डब्यातलं शेवटचं सिलिकॉन कालवलं, पेला भांड्यात ठेवला, पंप सुरू केला. ते फुगून वर आलं. अशा वेळी व्हॉल्व किंचित सोडून, थोडी हवा आत घेऊन, त्याला खाली बसवायचं असतं. माझा हात व्हॉल्ववरच होता, पण बोटांनी ऐकलं नाही. सिलिकॉन उतू गेलं, नळीत ओढलं गेलं आणि पंपात जाऊन बसलं. पंप एकदा कण्हला आणि थांबला. पेल्यात उरलं ते एकाच्याच पुरतं, आणि त्यातली हवा अर्धीच निघालेली.

कालवलेलं सिलिकॉन कोणासाठी थांबत नाही. मी दोघांकडे पाहिलं.

मास्तर म्हणाले, "यांचं ओता. मी खिडकीत बसून जग बघतो. जगाने मला बघायलाच हवं असं काही नाही."

शिंपीण म्हणाली, "खरं सांगू, बाई? मला हवंय. मापं घेताना बायका माझ्या हाताकडे बघतात आणि अंग चोरतात. उदारपणा मला परवडत नाही." मग मास्तरांकडे वळली. "आणि तुमची ही नाटकं पुरेत. नाक नसताना तुम्ही कोपऱ्यावर वर्तमानपत्र आणायला तरी जाल का?"

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

"कळलं," ती म्हणाली. "ओता त्यांचं." आणि पिशवी उचलून, ओतणं न बघताच गेली.

ते नाक मी रंगवून, डबीत घालून कपाटात ठेवलं आहे. पोस्टमास्तरांना डबी आणि त्यांच्या नाकाचा साचा, दोन्ही द्यावं. डाव्या कडेला एक बुडबुडा राहिला आहे. मी तो बुजवलेला नाही. वर्षभरात कड तिथूनच फाटेल, हे त्यांना स्पष्ट सांगावं, म्हणजे एखाद्या दिवशी भररस्त्यात त्यांना ते कळायला नको.

शिंपिणीला तिच्या बोटाचा साचा द्यावा. तो रिकामा आहे. मुलाने स्वतः तिच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाईक नसताना, तिच्या हातात द्यावा. दुसरं कोणी ओतून देईल का, असं ती विचारेल. माझ्या माहितीत कोणी नाही, असं सांगावं. "होईल काहीतरी" असं तिला म्हणू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि तो मला मान्य आहे. सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे.

सही : साचेकारांची विधवा

आमच्यासमोर सही झाली :
१. समोरचे कवळीवाले
२. आमचे डॉक्टर

स्थळ : घराची मागची खोली
दिनांक : दवाखान्यात भरती होण्याआधीचा सोमवार