संकष्टीच्या सकाळची ग्रीक मासळी

रेवस, फाल्गुन वद्य षष्ठी
(तिथी का लिहिली ते खाली कळेल.)

लाँचीवरचे आमचे जुने जोडीदार, जनीचे धाकटे बंधू आणि सध्या फोन न उचलणारे बाळाजी यांस, मुक्काम थळ, बुधाजीचा पोटभर रामराम. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा हवामान खात्याच्या आधी वारा सांगतो. जनीची साखर आटोक्यात आहे (जीभ नाही). तुझी पाठ कशी आहे? तेल चोळून घेतोस, की बाटली फळीवर ठेवून तिला रोज नमस्कार करतोस? रेवसहून थळला पत्र टाकतोय म्हणून पोस्टातला माणूस हसला. म्हणाला, "आजोबा, एष्टीनं जाऊन हातात द्या की." मी म्हटलं, "दार उघडलं पाहिजे ना, बाबा."

कारण तुला ठाऊक आहे. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभा राहून बोललो, की खाडीच्या बांधात ठेकेदाराने दगड न घालता नुसती माती लोटली, मी आणि बाळाजीने या डोळ्यांनी पाहिलं. सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. तू चहावाल्याच्या शेगडीवर हात शेकत होतास. म्हणालास, "मी नव्हतो तिथं. मला काय म्हाईत न्हाय." संध्याकाळी पिशवी भरलीस आणि पोराकडे, धनेशकडे, थळला जाऊन बसलास, तो आजपर्यंत. पण तो विषय या पत्रात नाही. या पत्राचा विषय ग्रीक भाषा हा आहे.

हसू नकोस. आपल्या कुंपणापलीकडे राही सिस्टर राहतात ना, दवाखान्यातून रिटायर झालेल्या? त्यांच्या ओटीवर रविवारी संध्याकाळी बायबलचा अभ्यास चालतो. अलिबागहून विपुल पास्टर स्कूटरवर येतात आणि एकेका ओळीतला ग्रीक शब्द सोलून दाखवतात, जशी आपली जनी कोळंबी सोलते. मी पहिल्यांदा गेलो तो चहासाठी. (सिस्टर चहात आलं घालतात. आपल्या घरी आलं विचारलं तर महागाईवर भाषण मिळतं.) पण त्या दिवशी ओळ निघाली ती मासळीची, मग मी कसला उठतोय! गोष्ट अशी, की येशूला धरून नेल्यावर त्याचा पेत्र नावाचा जिवलग शिष्य घाबरून तीनदा म्हणाला, "मी नाही त्याला ओळखत." पुढे येशू मेला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि एका पहाटे तळ्याच्या काठावर येऊन उभा राहिला. पेत्र आणि मंडळी रात्रभर जाळी टाकून दमलेली. काठावर येऊन बघतात तर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, बाजूला भाकर, आणि तो म्हणतो, या, न्याहारी करा.

आता इथे मासळीला जो ग्रीक शब्द आहे तो ऑप्सारियोन. पास्टर म्हणाले, मूळ अर्थ भाकरीबरोबर लावून खायची वस्तू, मग ती ताजी मासळी असो की खारवलेली. ते मराठी शब्द शोधत होते, मी पटकन म्हटलं, "कोरड्यास." पास्टरांनी खूष होऊन वहीत लिहून घेतलं. झालं! त्या दिवसापासून तुझा दाजी जमिनीपासून दोन बोटं वर चालायला लागला. दाढी करताना ग्रीक, गुरांना पाणी पाजताना ग्रीक. जनीने कालवण वाढलं तर म्हटलं, "ऑप्सारियोन बरं झालंय." ती म्हणाली, "नाव ठेवायचं असंल तर मराठीत ठेवा."

मग मला एक शंका आली. बाळाजी, मासळी ज्वाळेवर भाजली तर वरून काळी आणि आत कच्ची राहते. तिला फुललेले निखारे लागतात, आणि निखारे काही फुंकर मारली की तयार होत नाहीत. म्हणजे होडी काठाला लागायच्या आधीपासून तो माणूस तिथे बसून कोळसे फुलवत असणार. मी हे ओटीवर बोललो तर सगळे म्हणाले, काका, एकदा करूनच दाखवा. पास्टरांना सवड परवा पहाटे होती. मी शेगडी काढली, मांडव्याहून बांगडे आणले (कोरले, चिरा दिल्या, वर फक्त मीठ, तेव्हा मिरची तिकडे पोचली नव्हती असं पास्टर म्हणाले), आणि अंगणात येशूच्या काळातली न्याहारी मांडून बसलो.

एवढ्या अभ्यासात एक गोष्ट राहून गेली. परवा संकष्टी होती.

बांगड्यातून तेल ठिबकायला लागलं, धूर उठला, आणि नेमका त्याच क्षणी पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला निघालेला बायकांचा टेंपो जनीला न्यायला अंगणात शिरला. नऊवारी नेसलेल्या, हातात दुर्वा घेतलेल्या, कडकडीत उपाशी बायका! पुढे गोदूबाई. तिने नाकाला पदर लावला. "अरे बुधाजी, आज चतुर्थी हाय, आन तू मासली भाजतंस? सत्तरी झाली तुझी!" मी घाईने शेगडीवर घमेलं पालथं घातलं. धूर दाबला की कुठून तरी बाहेर पडणारच. तो बाजूने निघाला आणि वाऱ्याबरोबर थेट टेंपोत जाऊन बसला, जणू त्यालाही पालीला जायचं होतं. जनी नवं लुगडं नेसून बाहेर आली, एकदा माझ्याकडे बघितलं, आत गेली, पुन्हा अंघोळ केली, जुनं लुगडं नेसून आली. जाताना एवढंच बोलली, "त्या पेत्राकडं क्यालेंडर नव्हतं. तुमच्या भिंतीवर दोन लटकतात." टेंपो हलला तशी मागून गोदूबाई खालच्या आवाजात म्हणाली, "उद्यासाठी दोन ठेव रे झाकून."

सिस्टर आणि पास्टर बिचारे ओशाळले. सिस्टर म्हणाल्या, आमच्यामुळे झालं हो काका. मी म्हटलं, नाही सिस्टर, माझ्या दीडशहाणपणामुळे झालं. मग आम्ही शेगडीभोवती बसून कोरा चहा घेतला. तेव्हा पास्टर सहज म्हणाले, कोळशाच्या विस्तवाला जो शब्द आहे, आन्थ्राकिया, तो बायबलच्या अख्ख्या नव्या करारात दोनच जागी येतो. एक ही न्याहारी. आणि दुसरी ती थंडीची रात्र, जेव्हा पेत्र अशाच विस्तवावर हात शेकत उभा होता आणि म्हणाला, मी नाही त्याला ओळखत.

मी कप खाली ठेवला. पास्टरांनी विचारलं, काका, चहा कडू झाला का? म्हटलं, नाही, गुडघा.

असो. बाकी इकडे विशेष काही नाही.

तुझाच दाजी,
बुधाजी

ता. क. बांगड्यांचं विचारशील तर घमेल्याखाली त्यांचा कोळसा झाला. त्यातल्या त्यात बरे दोन गोदूबाईसाठी ठेवले होते, ते मांजराने नेले. त्याला चतुर्थी नसते.

ता. क. २. होळीच्या उधाणात बांध दोन जागी फुटला. भरतीने स्वतःच साक्ष दिली, आता माणसाची गरज उरली नाही. ठेकेदार मुकाट्याने दगड टाकतोय, आणि ते घेऊन त्याच्या डंपरवर धनेशच येतो. पोराची नोकरी शाबूत आहे. त्या दिवशी तुझ्या डोळ्यांपुढे पोराची नोकरी होती हे मला तेव्हाच कळलं होतं. तू सांगायला थांबला असतास तर मला कळलंय हे मीही सांगितलं असतं.

ता. क. ३. जनीने पालीहून प्रसाद आणला. तुझा वाटा वेगळा डब्यात ठेवलाय. सकाळ-संध्याकाळ उघडून बघते, मुंग्या लागल्या का म्हणून. मुंग्या लागलेल्या नाहीत.

ता. क. ४, आणि हे सगळं पत्र ज्यासाठी लिहिलं ते. येत्या रविवारी सकाळी ये. संकष्टी नाही, एकादशी नाही, दोन्ही क्यालेंडरं जनीने पाहिली आहेत. मी उजाडायच्या आधी शेगडी पेटवून बसेन. न्याहारी झाल्यावर येशूने पेत्राला एकच प्रश्न तीनदा विचारला, तू माझ्यावर प्रेम करतोस ना? मला असलं विचारायची लाज वाटते. मी तीनदा एवढंच विचारीन, "बाळाजी, अजून एक भाकर वाढू?" तू दोनदा नाही म्हण. तिसऱ्यांदा ताट पुढे कर.